बांधावरचा भूगोल आणि तयारीचे एक वर्ष



गेल्या उन्हाळ्यात मातीचे नमुने घेण्यासाठी दौंड तालुक्यात भीमाकाठच्या एका वस्तीवर गेलो होतो. ऊस तुटून गेलेला, रान मोकळे. नमुन्याचा खड्डा कसा घ्यायचा ते घरच्या पोरांना दाखवीत होतो आणि त्या घरची सूनबाई पिशव्यांवर गट नंबर घालीत होती. अक्षर वळणदार, एकही खाडाखोड नाही. काम आटोपले, चहा झाला, तेव्हा ती दाराआडून म्हणाली, "साहेब, एक विचारू का? माझी दहावी झाली अन् लगेच लग्न झालं. आता पोरगी सातवीत आहे. तिचं भूगोलाचं पुस्तक हातात घेतलं की मला ठेवावंसं वाटत नाही. मला आता भूगोल घेऊन कॉलेज शिकता येईल का?"

मी तोंड उघडण्याआधी सासऱ्यांनीच निकाल दिला. "भूगोल शिकून काय भीमा उलटी वाहवायचीय?" सगळे हसले. तीही हसली आणि कपबश्या उचलून आत गेली. मला मात्र ते हसणे लागले. हा प्रश्न मला काही पहिल्यांदा कोणी विचारला नव्हता, आणि मागे एकदा मी त्याचे उत्तर फार घाईने देऊन बसलो होतो. ते पुढे सांगतो.

आधी आबांचे पाहू. मी त्यांना विचारले, "आबा, बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही कुठे होता?" ते म्हणाले, "कुठं असणार? बांधबंदिस्तीच्या कामावर. मी अठरा वर्षांचा. ओव्हरशियरच्या पुढं पट्टी धरून उभा राहायचो. तो दुर्बिणीतून बघायचा, हात करायचा, वर सरक, खाली सरक. जिथं पट्टीवरचा आकडा सारखा यायचा तिथं खुंटी ठोकायची. खुंट्या जोडत गेलं की बांधाची रेघ." मी म्हटले, "आबा, तुम्ही भूगोलच केलात की. सारख्या उंचीच्या जागा जोडणारी जी रेघ, तिला पुस्तकात समोच्च रेषा म्हणतात. अकरावी-बारावीच्या पोरांना ती कागदावर वाचायला शिकवतात. तुम्ही ती जमिनीवर मारली आहे." आबा काही बोलले नाहीत. तंबाखूची डबी काढली एवढेच.

आपल्या लोकांच्या डोक्यात भूगोल म्हणजे राजधान्या आणि नद्यांची नावे पाठ करणे असे बसले आहे. शाळेत तसाच शिकवला गेला, त्यात तुमचा दोष नाही. पण कॉलेजात जो भूगोल असतो तो "कुठे" बरोबर "का" विचारतो. शिरूर-दौंडच्या माणसाला तर हे "का" दररोज भेटते. आपल्याकडे वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि महाबळेश्वरला पाच हजारांच्या पुढे जातो. मध्ये अंतर किती? एसटीने सकाळी निघालो तर दुपारपर्यंत पोचावे एवढे. अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्री चढताना गार होतात आणि बहुतेक पाणी तिथेच टाकतात. घाट उतरून पूर्वेला आले की त्यांच्यात फारसे उरत नाही. याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. म्हणजे आपण डोंगराच्या सावलीत राहतो, फक्त ही सावली उन्हाची नव्हे, पावसाची. मात्र तिकडे भीमाशंकराच्या डोंगरात पडलेले पाणी भीमा आपल्या दारात आणते, घोड आणि कुकडीही तेच करतात. रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते तेव्हा पुण्याचे पाणीही येते, आणि त्याबरोबर पुण्याचे काय काय येते ते नदीकाठच्या मंडळींना सांगायला नको.

शिरूरकरांनी टाकळी हाजीचे कुंड पाहिलेच असेल. पलीकडे पारनेर तालुक्यातले निघोज, अलीकडे आपली टाकळी, मध्ये कुकडी. मळगंगेच्या दर्शनाला गेलो की आपण त्या रांजणखळग्यांत डोकावतो आणि देवीची करणी म्हणून हात जोडतो. हात जोडावेत, त्याला माझी ना नाही. पण ते कसे झाले तेही ऐकावे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास जमिनीतून तप्त रस निघून थंड झाला, तो आपला काळा पाषाण. नदीच्या पात्रात त्याला बारीक खाच असली की पुराबरोबर आलेला गोटा त्यात अडकतो. पाणी त्याला गरगर फिरवते. गोटा झिजतो, तळही झिजतो, तो गोटा संपला की पुढच्या पुरात दुसरा येतो. जात्याच्या पाळीला जसा खळगा पडतो तसेच, फक्त जाते दळायला हजारो वर्षे लागली. हे पाहायला परदेशातूनही अभ्यासक आले तर नवल नाही. आपण मात्र तिथे नारळ फोडून परत येतो.

आणि चोपण? कालव्याचे पाणी आले, उसाला पाट मोकळे सोडले, काळी भारी जमीन, निचरा नाही. खालचे पाणी वर आले, उन्हाने उडून गेले आणि क्षार मागे राहिले. दहा-बारा वर्षांत पांढरे फटफटीत रान. जमीन, पाणी, हवा आणि माणसाची हाव यांचा हा हिशेब आहे. मी कृषीचा पदवीधर, मला तो मातीच्या बाजूने शिकवला. भूगोलवाल्यांना तो नकाशाच्या बाजूने शिकवतात, आणि खरे सांगतो, नकाशावर पाहिला की तो जास्त लवकर कळतो.

आता वाट कोणती ते सांगतो. शाळा सुटलेल्या मोठ्या माणसाला एकदम पदवीच्या वर्गात बसवले तर तो गांगरतो, म्हणून आधी तयारीचे शिक्षण द्यावे ही कल्पना जुनी आहे. विलायतेत १९६९ साली मुक्त विद्यापीठ निघाले. १९७१ मध्ये त्यांचे शिकवणे सुरू झाले तेव्हा पहिली पायरी पायाभूत अभ्यासक्रमांचीच होती. तिकडच्या इतर विद्यापीठांतही पदवीआधीचे असे पायाभूत वर्ष असते, आणि भूगोल शिकू पाहणारे त्यातून जातात. आपल्याकडे १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राम ताकवले हे पहिले कुलगुरू. ज्यांची बारावी झालेली नाही अशांसाठी या विद्यापीठाने पूर्वतयारीचा शिक्षणक्रम काढला, आणि त्या दाराने कितीतरी गृहिणी, शिपाई, कामगार पदवीपर्यंत गेले. फार मोठे काम झाले ते.

माझी घाई झाली ती इथेच. काही वर्षांपूर्वी शिरूरकडच्या एका मुलाला मी म्हणालो होतो, "बारावीत कशाला दोन वर्षे घालवतोस, थेट पदवीच्या मार्गाला लाग." तो लागला. एका खासगी वर्गवाल्याने त्याला हवेच भरले. पोरगा मेहनती, पदवी मिळाली, पेढे घेऊन माझ्याकडे आला. पुढे एका भरतीच्या जाहिरातीत पदवीबरोबर बारावीचेही प्रमाणपत्र मागितले होते. पदवी खोटी नव्हती, पण हातात बारावी नव्हती. अठ्ठाविसाव्या वर्षी हा पदवीधर माणूस बारावीच्या परीक्षेला सोळा-सतरा वर्षांच्या पोरांमध्ये बसला. मला त्याने कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरे वाटले असते.

म्हणून आता मी असे सांगतो. तुमची दहावी झाली असेल तर तयारीचे वर्ष म्हणजे बारावीच समजा, आणि ती सतरा नंबरच्या फॉर्मने करा. राज्य मंडळाकडे खासगी विद्यार्थी म्हणून हा फॉर्म भरता येतो, रोज वर्गात बसावे लागत नाही. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड आणि फोटो तयार ठेवा. अर्ज ऑनलाइन असतो आणि त्याची मुदत दरवर्षी मंडळ जाहीर करते. संपर्क केंद्र म्हणून जे कनिष्ठ महाविद्यालय घ्याल तिथे आधी जाऊन विचारा की भूगोल आहे का आणि प्रात्यक्षिकाची सोय कशी. भूगोलाला नकाशाचे प्रात्यक्षिक असते, नुसते वाचून भागत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचीही बारावी आहे, त्यातही भूगोल घेता येतो. आणि कोणी तुम्हाला बारावीशिवाय पदवी देतो म्हणाला तर त्या वर्षीची विद्यापीठाची छापील किंवा संकेतस्थळावरची माहितीपुस्तिका दाखव म्हणावे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम बदलत आले आहेत, तोंडी बोलण्यावर एक रुपया भरू नका.

नोकरी लागेल का, हे आबांनी विचारलेच. शिक्षक होता येते, त्याला पुढे बी.एड. लागते. संगणकावर नकाशे करण्याची कामे आता निघाली आहेत. स्पर्धा परीक्षांना भूगोल उपयोगी पडतो. पण हमी कोणी देत असेल तर तो लबाड. सूनबाईला मी हेच तोंडावर सांगितले. ती म्हणाली, "नोकरीचं नंतर बघू. पोरगी विचारते ते मला सांगता आलं पाहिजे."

तयारीत जड काय जाते, ते अनुभवावरून सांगतो. विषय जड जात नाही. लिहिण्याची मोडलेली सवय आणि प्रमाणाचे गणित जड जाते. पंधरा वर्षे हिशेबाच्या चिठ्ठीपलीकडे काही लिहिले नसेल तर पानभर उत्तर लिहिताना बोटे दुखतात. रोज रात्री एक पान लिहावे, मग ते "आज ओढ्याला पाणी का आले" असे का असेना. आणि प्रमाणासाठी आपलेच रान घ्यावे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. दोन एकरांचा चौरस तुकडा असेल तर त्याची एक बाजू साधारण ९० मीटर भरते. वहीत १ सेंटिमीटरला १० मीटर धरले तर ९ सेंटिमीटरचा चौकोन. त्यात विहीर, बांध, बाभळ, पाट घाला, वरच्या बाजूला उत्तर दाखवा. झाला तुमचा पहिला नकाशा. आता सर्व्हे ऑफ इंडियाचे भूपत्रक घ्या. त्याचे प्रमाण पन्नास हजारास एक, म्हणजे कागदावरचे २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. त्यावर तेच दोन एकर जेमतेम पावणेदोन मिलिमीटरचे होतात, बाजरीच्या दाण्याएवढे.

पावसाळा सरताना त्या बाजूला पुन्हा जाणे झाले, तेव्हा माझ्याजवळचे जुने भूपत्रक बरोबर नेले. शिरूर आणि दौंड दोन्ही ४७ जे या क्रमांकाच्या गटात येतात. सतरा नंबरचा फॉर्म भरून झाला होता. ओसरीवर कागद पसरला. सूनबाईने भीमा शोधली, मग रेल्वेचा रूळ, मग ओढा, आणि मोजपट्टी लावून पेन्सिलीने एक बारीक ठिपका दिला. "हे आपलं रान," ती म्हणाली. आबा चष्मा सावरून कागदावर वाकले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "चुकलीस. आपलं रान ओढ्याच्या अलीकडं आहे. खोड आण, मी दाखवतो."