फळ चांगलेच, पण कोणते आणि किती?

सकाळी कोमट पाण्यात मध, अकरा वाजता सफरचंद, संध्याकाळी फळांचा रस. पौष्टिक म्हणून सुरू केलेला हा नेम इरिटेबल बॉवेल सिंड्रोमच्या (आयबीएस) अनेक रुग्णांना मानवत नाही. पोट फुगते, मुरडा येतो, शौचाला पळावे लागते. तपासण्या मात्र नॉर्मल. मग घरचे म्हणतात, 'सगळे मनाचे खेळ!' तसे नसते.

फळांतील फ्रुक्टोज ही साखर शोषण्याची लहान आतड्याची क्षमता मर्यादित असते. सोबत पुरेसे ग्लुकोज असेल तर ती सहज शोषली जाते. मध, सफरचंद, नासपती, आंबा, कलिंगड यांत मात्र ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त. न शोषलेले फ्रुक्टोज आतड्यात पाणी ओढते, मोठ्या आतड्यातील जिवाणू ते आंबवतात आणि गॅस होतो. आयबीएसमध्ये आतडे हळवे असल्याने तेवढ्यानेही कळा येतात. गहू, कांदा, लसूण यांतील फ्रुक्टान म्हणजे फ्रुक्टोजच्याच साखळ्या. त्यांनीही काहींना असाच त्रास होतो.

मोबाइलवर फिरणाऱ्या याद्यांत ब्लूबेरी, किन्वा असे महागडे पदार्थ असतात. त्यांची गरज नाही. बेताचे पिकलेले केळे, संत्रे, पपई बहुतेकांना सोसते. पोळीऐवजी ज्वारीची भाकरी किंवा भात खाऊन पाहावा. आमरसाच्या दोन वाट्यांनी बिघडणारे पोट आंब्याची एखादी फोड पचवू शकते. प्रश्न प्रमाणाचा आहे.

दुसरे टोकही वाईट. भीतीने एकेक पदार्थ सोडत वरण-भातावर आलेले रुग्ण अशक्त होतात. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात विकसित झालेल्या आहारपद्धतीतही कडक पथ्य दोन ते सहा आठवड्यांचेच असते. नंतर एकेक पदार्थ थोडा थोडा परत सुरू करायचा, त्रास वहीत लिहायचा आणि जो खरोखर बाधतो तोच कमी करायचा.

हे समजावायला वेळ लागतो. ओपीडीच्या गर्दीत गोळी लिहून देणे सोपे असते. म्हणूनच सरकारी रुग्णालयात पोटाच्या ओपीडीशेजारी आहारतज्ज्ञ बसायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

मात्र शौचावाटे रक्त, घटते वजन, रक्तक्षय, रात्री झोपमोड करणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली तक्रार असेल, तर पथ्याचे प्रयोग करत बसू नका. आधी डॉक्टरांकडे जा.