यंत्राला आपले घर कळले पाहिजे

पांढरकवड्यासारख्या तालुक्याच्या गावी एके काळी एका रंगीत दूरचित्रवाणी संचाने बैठकीची शोभा पुरी होत असे. आता त्याच बैठकींतून पाच स्पीकर, एक सबवूफर आणि या साऱ्यांचा कारभार पाहणारा रिसीव्हर अशी होम थिएटरची सामग्री दिसू लागली आहे. कापसाचे पैसे हाती आल्यावर, किंवा मुलाला नागपूर-हैदराबादेकडे नोकरी लागल्यावर, घरातील लहानथोरांनी एकत्र बसून चांगले पाहावे व चांगले ऐकावे या इच्छेने ही खरेदी होते, आणि ती इच्छा सर्वथैव आदरास पात्र आहे. परंतु खोकी उघडून, वायरी जोडून, आवाज निघतो एवढी खातरजमा झाली की रिसीव्हरच्या मेनूतील सेटिंगचे प्रकरण पुन्हा कधीही उघडावयाचे नाही अशी वहिवाट सर्वत्र पडून गेली आहे, आणि तिच्यामुळे मोलाचे यंत्र वर्षानुवर्षे आपल्या योग्यतेच्या अर्ध्यानेही काम करीत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की रिसीव्हर विकत घेणे हा व्यवहाराचा केवळ पूर्वार्ध होय. त्याला आपल्या खोलीची ओळख करून देणे हा उत्तरार्ध, आणि तो पुरा करून देण्याची जबाबदारी निर्मात्याने व विक्रेत्यानेही पत्करली पाहिजे.

कारखान्यातून निघणाऱ्या रिसीव्हरला आपली बैठक किती लांब आहे, दिवाण कोणत्या भिंतीशी आहे, मागचा स्पीकर जागेअभावी दाराच्या चौकटीवर टांगावा लागला आहे काय, यांपैकी काहीच ठाऊक नसते. तो सर्व स्पीकर श्रोत्यापासून सारख्या अंतरावर आहेत असे ढोबळपणे गृहीत धरून चालतो, आणि आपल्याकडील खोल्यांत असे प्रत्यक्षात जवळजवळ कधीच नसते. ध्वनीला एक मीटर अंतर कापण्यास सुमारे तीन मिलिसेकंद लागतात; तेव्हा समोरचा स्पीकर तीन मीटरांवर आणि मागचा दीड मीटरावर असल्यास मागचा आवाज चार-साडेचार मिलिसेकंद आधी कानी पडतो. हा काळ नगण्य भासतो, पण जो आवाज प्रथम पोहोचतो त्याच्याच दिशेने सारा ध्वनी आला असे कान मानतो, हे हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात प्रयोगाने दाखवून दिले आहे. म्हणून मेनूत ‘डिस्टन्स’ या नावाखाली प्रत्येक स्पीकरचे अंतर विचारले जाते तेव्हा टेप घेऊन, आपण जेथे बसतो त्या जागेपासून ते मोजून भरले पाहिजे. मग जवळच्या स्पीकरचा आवाज रिसीव्हर स्वतःच तेवढा थांबवून सोडतो. बाजार समितीच्या आवारात कापूस मोजण्यापूर्वी काटा बरोबर आहे की नाही हे पाहून घेण्याचा आग्रह आपला शेतकरी धरतो, तो आग्रह येथेही तितकाच न्याय्य आहे.

अंतरानंतर पातळी. प्रत्येक स्पीकरमधून क्रमाक्रमाने खरखरीसारखा एक चाचणीध्वनी सोडण्याची सोय रिसीव्हरमध्ये असते, आणि बसल्या जागी तो सर्व स्पीकरांतून सारखाच, प्रघाताप्रमाणे ७५ डेसिबलच्या आसपास, ऐकू येईल अशी एकेकाची पातळी कमीजास्त करावयाची असते. मोबाईलवरील ध्वनिमापकाचा आकडा तंतोतंत नसला तरी एका स्पीकरची दुसऱ्याशी तुलना करण्यास तो पुरेसा आहे. त्यानंतर ‘लार्ज’ की ‘स्मॉल’ हा प्रश्न येतो, आणि आपल्या स्पीकरला लहान म्हणवून घेणे कमीपणाचे वाटून पुष्कळजण ‘लार्ज’ निवडतात. वस्तुतः हा प्रतिष्ठेचा प्रश्न नसून कामाच्या वाटणीचा आहे. ‘स्मॉल’ निवडून ८० हर्ट्झची सीमा घातली म्हणजे त्याखालील खर्जाचा भार सबवूफरवर जातो, आणि ज्या लहान स्पीकरला तो पेलत नाही तो संवाद व संगीत स्वच्छपणे वाजविण्यास मोकळा होतो.

यापुढचा भाग मेनूत नाही, तो खोलीत आहे. आमच्याकडील नव्या घरांची बैठक म्हणजे खाली गुळगुळीत फरशी, चारी बाजूंना सिमेंटचा गिलावा, वर स्लॅब आणि मध्ये थोडे लाकूड व प्लास्टिक. यांतील प्रत्येक पृष्ठभाग ध्वनी जवळजवळ जसाच्या तसा परतवितो, आणि उच्चारलेले अक्षर विरण्यापूर्वीच पुढचे अक्षर त्यावर येऊन पडते. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात एक नवे व्याख्यानगृह अशाच दोषामुळे निरुपयोगी ठरले, तेव्हा वॉलेस सेबाइन या तरुण अध्यापकाने जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री वाहून आणून, एकेक गादी वाढविली असता प्रतिध्वनी विरण्यास लागणारा काळ किती घटतो याचे मोजमाप केले, आणि त्यातून वास्तुध्वनिशास्त्राचा पाया घातला गेला. ज्या मुलखात घरोघरी कापसाच्या गाद्या भरल्या जातात, त्या मुलखाला हा धडा दुरून शिकावा लागू नये. समोरच्या स्पीकरांच्या बाजूच्या भिंतीवर जाड सुती पडदा, फरशीवर सतरंजी, पाठीमागे गादीचा दिवाण एवढ्याने संवादांत जो फरक पडतो तो महागातला रिसीव्हर आणूनही पडत नाही. मात्र कापूस खर्जाला आवरू शकत नाही, हेही ध्यानात ठेवावे. चौदा फूट लांबीच्या खोलीत ४० हर्ट्झच्या आसपासचा खर्ज दोन भिंतींमध्ये अडकून घुमू लागतो. त्यावर उपाय सबवूफरची जागा बदलणे हाच. सबवूफर तात्पुरता आपल्या बसण्याच्या जागी ठेवून, खर्जाचे एखादे गीत लावून, खोलीच्या कडेकडेने वाकून ऐकत जावे, आणि जेथे तो घुमणारा न वाटता सरळ व स्पष्ट वाटेल तेथे सबवूफर कायम करावा.

विदर्भातील श्रोत्यापुढे आणखी एक अडचण आहे, आणि परदेशी पुस्तिकांत तिचा उल्लेख सापडत नाही: ती म्हणजे कूलर. एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत कूलरवाचून बैठकीत बसणे अशक्य, आणि कूलर सुरू असता हलक्या आवाजातील संवाद त्याच्या घरघरीत बुडून जाणे अपरिहार्य. संवाद ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच क्षणी स्फोट किंवा ढोलताशा अंगावर येतो, पुन्हा रिमोट शोधावा, पुन्हा आवाज उतरवावा, असा क्रम कित्येक घरांत चित्रपट संपेपर्यंत चालतो आणि त्याचा दोष उगाच चित्रपटाला दिला जातो. अत्यंत हळू व अत्यंत मोठ्या आवाजांतील अंतर आखडून घेण्याची ‘डायनॅमिक रेंज’ किंवा ‘नाइट मोड’ ही तजवीज अशाच परिस्थितीसाठी रिसीव्हरमध्ये केलेली असते. शांत खोलीत ती बंद ठेवावी हे खरे, पण वैदर्भी उन्हाळ्यात ती निःसंकोच लावावी आणि सोबत सेंटर स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवावी, कारण चित्रपटातील बहुतेक संवाद त्या एकाच स्पीकरातून येतात. काचेच्या शोकेसमध्ये कोंडलेल्या रिसीव्हरला ४५ अंशांच्या उन्हाळ्यात वरून व मागून मोकळी हवा मिळाली पाहिजे, हेही येथेच सांगून ठेवतो.

पुष्कळ रिसीव्हरांबरोबर एक छोटा मायक्रोफोन येतो, आणि तो बसण्याच्या जागी कानाच्या उंचीवर ठेवला असता यंत्र आपण होऊन अंतरे, पातळ्या व खोलीचे दोष मोजते. ही सोय उत्तम आहे. परंतु कूलर व पंखा सुरू ठेवून, मुले खेळत असताना, किंवा महामार्गावरील मालमोटारींचा आवाज उघड्या खिडकीतून येत असताना केलेली मोजणी विश्वासार्ह होत नाही. तेव्हा पहाटेची निवांत वेळ निवडावी, मायक्रोफोन हातात न धरता एखाद्या तिवईवर ठेवावा, आणि यंत्राने मांडलेले आकडे टेपच्या मापाशी ताडून पाहावेत. सबवूफरचे अंतर प्रत्यक्षाहून अधिक दाखविले गेले तर बुचकळ्यात पडू नये; त्याच्या आतील मंडलांत ध्वनीला होणारा विलंब यंत्राने त्यात धरलेला असतो. इतर आकड्यांत मोठी तफावत आढळल्यास मोजणी पुन्हा करावी.

एवढे करूनही मूळ ध्वनीच दोन वाटांचा येत असेल तर पाच स्पीकरांचा उपयोग काय? दूरचित्रवाणी संचाच्या किंवा सेट टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये ध्वनी ‘स्टिरिओ’वर ठेवलेला असला की रिसीव्हरकडे पाच वाहिन्यांचा ध्वनी पोहोचतच नाही, तेथे ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘ऑटो’ निवडावे लागते, आणि वायर एचडीएमआयच्या ‘एआरसी’ असे लिहिलेल्या खोबणीतच लावावी लागते. याउलट जुन्या चित्रपटाला उसने वैभव चढविण्याचा मोह टाळला पाहिजे. ‘प्रभात’च्या १९३७ सालच्या ‘कुंकू’मध्ये व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत वर्ज्य करून घरातील व रस्त्यावरील नैसर्गिक ध्वनींवरच सारा परिणाम साधला. असा चित्रपट ‘हॉल’ वा ‘स्टेडियम’ या सेटिंगवर ऐकणे म्हणजे त्या संयमावर कृत्रिम प्रतिध्वनीचा लेप चढविणे होय. एकाच वाटेने मुद्रित झालेला तो ध्वनी सेंटर स्पीकरातून जसाच्या तसा येऊ द्यावा, यातच त्या कलाकृतीचा मान आहे.

माझ्या आग्रहाचे खरे कारण हेच आहे. मराठी चित्रपटाच्या ध्वनीमागे आज किती श्रम असतात याची जाणीव प्रेक्षकाला असली पाहिजे. धनगरांच्या भटकंतीची कथा सांगणाऱ्या ‘ख्वाडा’ला ६२ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत चित्रीकरणस्थळीच्या ध्वनिमुद्रणासाठी गौरविण्यात आले, ‘सैराट’च्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या परिसरातील स्टुडिओत पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. उघड्या माळावरचा वारा, मेंढरांच्या गळ्यातील घंटा, गावाकडच्या बोलीतील शब्दांचे हेल हे सारे ज्यांनी इतक्या निष्ठेने टिपले, त्यांच्या कामाचा आपल्या बैठकीत येऊन केवळ एका चुकीच्या सेटिंगपायी चिखल व्हावा, ही हानी कलावंताची आणि श्रोत्याचीही आहे. टिपेश्वरच्या जंगलालगत राहणाऱ्या माणसाला पाचोळा कोणत्या बाजूने वाजला हे ओळखण्याची गरज व सवय दोन्ही असतात. ज्या कानांना दिशेचे एवढे ज्ञान आहे, त्यांना दिशाहीन गोंगाट ऐकविणे अनुचित आहे.

हे सर्व हौशी व सधन लोकांचे खूळ आहे, सामान्य कुटुंबाला आवाज आला म्हणजे पुरे, असा आक्षेप येईल. पण घरातील वृद्धांना, ज्यांची श्रवणशक्ती वयोमानाने क्षीण झालेली असते, संवाद उमगत नाहीत म्हणून ते हळूहळू एकत्र पाहण्यातून बाजूला होतात. त्यांच्यासाठी सेंटर स्पीकरची योग्य पातळी ही चैन नव्हे. शिवाय जुळविलेल्या यंत्राला मोठ्याने वाजण्याची गरज पडत नाही, आणि हा लाभ शेजाऱ्यांचाही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री दहानंतर सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. दोन घरांमध्ये एकच भिंत असलेल्या वस्तीत सबवूफरचा खर्ज ती मर्यादा सहज ओलांडतो, आणि तो आवरण्याचे काम पोलिसांच्या आधी रिसीव्हरच्या सेटिंगने करावयाचे असते.

म्हणून माझी मागणी तीन कलमांची आहे. पहिले, होम थिएटर विकणाऱ्याने घरी येऊन अंतरे, पातळ्या व सीमा लावून देणे हा विक्रीचाच भाग मानावा, आणि लावलेल्या आकड्यांची नोंद ग्राहकाला लेखी द्यावी, म्हणजे वीज जाऊन किंवा मुलांच्या हातून सेटिंग पुसले गेले तरी ते पूर्ववत करता येईल. दुसरे, खोक्यावर ‘पीएमपीओ’चे, म्हणजे क्षणिक कमाल शक्तीचे, हजारो वॉट छापून दिपवून टाकण्याची प्रथा बंद व्हावी; सतत मिळणारी खरी शक्ती किती, हे ठळक छापले जावे, कारण वस्तूचा दर्जा व क्षमता जाणून घेण्याचा हक्क २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने प्रत्येक खरीददाराला दिला आहे. तिसरे, महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या रिसीव्हरसोबत मराठी पुस्तिका असावी, आणि तीत कूलर, फरशी व स्लॅब असलेल्या खोलीचा विचार केलेला असावा. ग्राहकाने मात्र या मागण्या मान्य होण्याची वाट पाहत बसू नये. टेप घरात असतो, रिमोट हाताशी असतो. एका निवांत सकाळी घरातील थोरामोठ्यांना बरोबर घेऊन प्रत्येक स्पीकरचे अंतर मोजावे, आणि शेवटचा निर्णय घरातील ज्यांना सर्वांत कमी ऐकू येते त्यांना विचारून घ्यावा. त्यांना शब्द न् शब्द कळला की यंत्र घराला लागू झाले असे समजावे.