कुंकू राहिले, सातबाऱ्याचे काय?

कोरोनाच्या साथीने कर्ते पुरुष नेले आणि त्यांच्यामागे ऐन तारुण्यात एकट्या पडलेल्या बायकांकडे गावांना डोळे उघडून पाहावे लागले. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने ते पाहिले. मे २०२२ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, या गावाने पती गेल्यावर बायकोच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथांविरुद्ध ठराव केला. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. फुले दांपत्याच्या काळापासून जे मागितले जात होते, ते एका साथीने गावाच्या दप्तरात आणले. हा बदल मोठा आहे, आणि तो गावातूनच आला म्हणून अधिक मोलाचा.

पण हळदीकुंकवाला बोलावणे आले म्हणून सावकाराचा तगादा थांबत नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ पासून विधवेला मुलांच्या बरोबरीने वारस मानतो. तरी सासरचे ‘नंतर बघू’ म्हणतात आणि सातबाऱ्यावर तिचे नाव चढत नाही. भावकीशी वैर घेऊन ती एकटी किती हेलपाटे घालणार? ज्या ग्रामसभांनी हा ठराव केला, त्यांनी पुढच्याच सभेत गावातल्या विधवांची यादी वाचावी, तलाठ्याला समोर बसवावे आणि प्रत्येकीच्या वारसनोंदीचा हिशेब मागावा.