विश्लेषण : ‘क्लाउड’ नेमका असतो कुठे?

नावात ढग असला, तरी क्लाउड जमिनीवरच असतो. कंपन्या त्याची मांडणी ‘रीजन’ आणि त्यातील ‘झोन’ अशी करतात. अ‍ॅमेझॉनचा मुंबई रीजन २०१६ मध्ये सुरू झाला. त्यात तीन झोन आहेत. प्रत्येक झोनमध्ये एक किंवा अधिक डेटा सेंटर असतात आणि त्यांची वीजव्यवस्था स्वतंत्र असते. त्यामुळे एका झोनमध्ये आग लागली, तरी दुसऱ्यातून सेवा सुरू राहू शकते.

मात्र हे आपोआप होत नाही. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ‘ओव्हीएच’ कंपनीचे डेटा सेंटर जळाले. ज्या ग्राहकांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती, त्यांचा डेटा कायमचा गेला. अशा जादा प्रतीसाठी वेगळा खर्च येतो. म्हणूनच बँक किंवा सरकारी खाते ‘डेटा क्लाउडवर आहे’ असे सांगते, तेव्हा ‘किती ठिकाणी?’ हेही विचारायला हवे.