‘आलो’ की ‘आले’?

ई-मेलच्या तळाशी नावापुढे ‘शी/हर’ किंवा ‘दे/देम’ लिहिण्याची पद्धत पुण्या-मुंबईच्या कार्यालयांना आता नवी राहिलेली नाही. कर्मचाऱ्यांपैकी काही जण ती मनापासून पाळतात, काही हसतात आणि बाकीचे ‘हे अमेरिकेचे खूळ’ म्हणून सोडून देतात. खुद्द अमेरिकेत तर वारे उलटे फिरले. डोनाल्ड ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी, दुसऱ्या कारकीर्दीच्या पहिल्याच दिवशी, सरकारच्या लेखी स्त्री आणि पुरुष अशी दोनच लिंगे असतील असा आदेश काढला. पुढे काही दिवसांतच तेथील सरकारी कर्मचाऱ्यांना ई-मेलखालची सर्वनामे काढून टाकण्यास सांगण्यात आले. ते वाचून आपल्याकडेही अनेकांना हायसे वाटले. फॅड आले तसे गेले, आपला त्याच्याशी संबंध नव्हताच, असा एकूण सूर.

संबंध आहे. ई-मेलखालची ती ओळ परकी असेल, पण तिच्यामागचा प्रश्न मराठीत इंग्रजीपेक्षा कितीतरी अधिक टोकदार आहे. त्याचे निवाडे महाराष्ट्रातल्या तहसील कार्यालयात आणि भरतीच्या अर्जात यापूर्वीच झालेले आहेत, तेही कोणी ‘सर्वनाम’ हा शब्द न उच्चारता.

मराठीत वेगळे काय?

इंग्रजीत वाद आहे तो फक्त तिसऱ्या माणसाचा. ‘आय’ आणि ‘यू’ यांना लिंग नाही, क्रियापदालाही नाही. त्यामुळे इंग्रजी बोलणाऱ्याला स्वतःविषयी तासभर बोलूनही आपण स्त्री की पुरुष हे सांगावे लागत नाही. बंगालीत तर ‘तो’ आणि ‘ती’ हा भेदच नाही. मराठीत मात्र माणूस घरी परतला आणि दारातून एवढेच ओरडला की ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’, तरी त्याने जाहीर निवेदन केलेले असते. समोरचाही ‘आलास?’ किंवा ‘आलीस?’ असे विचारून आपला निकाल देऊन टाकतो. हे दिवसातून शेकडो वेळा घडते. ज्यांचे शरीर, नाव आणि आतली जाणीव यांचा मेळ आहे त्यांच्या हे ध्यानातही येत नाही. ज्यांचा मेळ नाही त्यांना प्रत्येक वाक्यात ठेच लागते.

पळवाटा आहेत. ‘तुम्ही आलात’ दोघांनाही चालते. ‘मी येईन’ला लिंग नाही, ‘मला जायचे आहे’लाही नाही. घरात अद्याप काही न बोललेले एखादे मूल ‘मी जेवलो’ऐवजी ‘माझे जेवण झाले’ असे म्हणू लागले, तर घरच्यांच्या ते लक्षातही येणार नाही. पण आयुष्यभर भूतकाळ टाळून बोलायचे कसे?

इंग्रजीतला ‘दे’ उचलून मराठीत ‘ते’ म्हणावे, अशी एक सूचना असते. तीही नीट बसत नाही. आपला ‘ते’ एकतर आदरणीय पुरुषाचा किंवा नपुंसकलिंगी वस्तूचा, लेकराचा. छापील मराठीत ‘ते आले’ दोन्हीकडे सारखेच दिसते. बोलताना मात्र ‘ते आले’ म्हणजे पाहुणे आणि ‘ते बघ आलं’ म्हणजे टिंगल. मोठ्या माणसाला नपुसकलिंगी क्रियापद लावणे ही आपल्याकडची जुनी शिवी आहे. ती देण्यासाठी शब्दकोशातला एकही अपशब्द लागत नाही, एक अनुस्वार पुरतो.

व्याकरण इतके कडक आहे म्हणून काही करता येत नाही, असे मात्र नाही. कोल्हापूरकडच्या बायका सर्रास ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात. त्यांच्या बाईपणाविषयी कोणाला शंका येत नाही. ज्ञानेश्वरांना माऊली म्हणताना आणि पंढरपूरच्या विठ्ठलाची विठाई करताना कोणा वारकऱ्याची जीभ अडखळल्याचे ऐकिवात नाही. प्रेम असले की मराठी भाषा लिंगाचे नियम बिनदिक्कत वाकवते. अडचण येते ती फक्त समोरच्या माणसाने तशी विनंती केली तर.

आणि खरे तर मराठीत विनंतीचीही फारशी गरज नाही. जी व्यक्ती ‘मी काल आले होते’ असे म्हणते, तिने तुम्हाला हवे ते सांगून टाकलेले असते. छातीवर बिल्ला नको, ई-मेलखाली ओळ नको. ऐकणाऱ्याने ऐकायचे आणि त्याच लिंगात उत्तर द्यायचे. ऐकूनही मुद्दाम ‘कधी आलास?’ असे विचारणे ही व्याकरणाची चूक नसते. नकळत झालेली चूक वेगळी. जन्मापासून ओळखीच्या भाच्याला भाची म्हणताना मामाची जीभ महिनोन् महिने घसरणारच. ती घसरली म्हणून त्याला गुन्हेगार ठरवणारेही या विषयाचे भले करत नाहीत.

शब्द आधी की भाकरी?

ज्यांना राहायला घर नाही, हाताला काम नाही, त्यांच्यासाठी ‘तो’ की ‘ती’ हा प्रश्न चैनीचा आहे, असा एक सहानुभूतीचा आव आणणारा आक्षेप नेहमी घेतला जातो. ऐकायला तो पटतो. महाराष्ट्रातली दोन प्रकरणे पाहिली की पटेनासा होतो.

पहिले जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुकचे. डिसेंबर २०२० मध्ये तेथील ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसाठी अंजली गुरू संजना जान यांनी महिलांसाठीच्या जागेवर अर्ज भरला. त्या तृतीयपंथी आहेत आणि तृतीयपंथींसाठी ग्रामपंचायतीत आरक्षण नाही, म्हणून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने तो फेटाळला. त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. न्या. रवींद्र घुगे यांनी २ जानेवारी २०२१ रोजी त्यांना स्त्री म्हणून लढण्याची मुभा दिली. आपण आयुष्यभर सर्व बाबतीत स्त्री म्हणूनच राहू, सोयीसाठी बदलणार नाही, ही त्यांची हमी न्यायालयाने नोंदवून घेतली. पंधरवड्यातच मतदान झाले आणि अंजली निवडून आल्या. अधिकाऱ्याला जे उमजले नाही ते गावाला सहज उमजले. त्याआधी २०१७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील तरंगफळने माऊली कांबळे यांना थेट सरपंच केले होते. शहरी मंडळी खेड्यांना मागास समजतात, म्हणून हे मुद्दाम सांगायचे.

दुसरे प्रकरण पोलीस भरतीचे. अर्जात स्त्री आणि पुरुष असे दोनच पर्याय. तिसरा पर्याय द्या, असे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगितले. राज्य सरकारने तसे करणे अवघड असल्याचे कारण देत उच्च न्यायालयात धाव घेतली. सर्वोच्च न्यायालयाने आठ वर्षांपूर्वी निकाल देऊनही नियम का केले नाहीत, अशी कानउघाडणी झाली आणि भरतीच थांबवण्याचा इशारा मिळाला. मग तो पर्याय अर्जात चटकन आला. जे अवघड होते ते काही दिवसांत झाले. म्हणजे भाकरीच्या वाटेवर आडवा पडलेला होता तो एक शब्दच होता. संगणकावरचा एक चौकोन. तो नसेल तर धावण्याची चाचणी देण्याइतपतही पुढे जाता येत नाही.

कायद्यातला ‘तो’

सर्वनामांचा वाद परका म्हणणाऱ्यांनी आपली दंडसंहिता उघडून पाहावी. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे आठवे कलम सर्वनामाविषयीच होते. ‘तो’ हे सर्वनाम पुरुष वा स्त्री कोणाही व्यक्तीसाठी वापरले आहे, असे त्यात म्हटले होते. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या दुसऱ्या कलमात हेच वाक्य एका शब्दाची भर घालून आले. आता हा ‘तो’ पुरुष, स्त्री आणि ट्रान्सजेंडर या तिघांसाठी आहे.

सुधारणा चांगलीच. पण याच संहितेत जुने ३७७ वे कलम नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी या कलमातून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले होते. संमतीविना झालेल्या कृत्यांसाठी ते शिल्लक होते, आणि पुरुषावर किंवा तृतीयपंथी व्यक्तीवर बलात्कार झाला तर पोलिसांच्या हाती तेच असे. नव्या संहितेतली बलात्काराची व्याख्या पुरुषाने स्त्रीवर केलेल्या अत्याचारापुरतीच आहे. उरतो तो २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायदा. त्यात लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षे एवढीच शिक्षा ठरवण्यात आली. व्याख्येच्या कलमात पाट मांडला आणि पंगतीतून उठवले, असा हा प्रकार.

ओळख कोणी ठरवायची, याबाबतही असेच मागेपुढे झाले. १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ निकालात न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिक्री यांनी आपले लिंग ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला दिला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदा ठरवली. १० जानेवारी २०२० रोजी लागू झालेल्या कायद्याने मात्र जिल्हाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र आणले. ‘ट्रान्सजेंडर’ म्हणून ते अर्जावर मिळणार, पण कागदावर थेट ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ व्हायचे असेल तर शस्त्रक्रियेचा दाखला आणायचा. स्वतःविषयी ‘आले’ म्हणायला डॉक्टरांची चिठ्ठी.

मग आपण सहनशील की नाही?

उत्तर जागेवर अवलंबून आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवर साडी नेसलेल्या जोगत्याच्या पाया पडणारी माणसे कोल्हापूर-सांगलीकडे कमी नाहीत. राजन गवस यांनी त्याच जोगत्याचे जिणे ‘भंडारभोग’मध्ये मांडले. ‘जोगवा’ चित्रपटाने २००९ मध्ये ते घरोघरी पोहोचवले. बाळाच्या जन्मानंतर आशीर्वाद हवा असतो, दुकानाच्या उद्घाटनाला ओवाळणी चालते. देवळात मान, सिग्नलला गाडीची काच वर, आणि आपल्याच घरातल्या मुलाने तसे काही सांगितले तर दार बंद. याला आपण परंपरेने चालत आलेली सहिष्णुता म्हणतो.

कोची मेट्रोने २०१७ मध्ये २३ तृतीयपंथी व्यक्तींना नोकरी दिली, तेव्हा देशभर कौतुक झाले. महिना उलटण्याआधी त्यातल्या आठ जणांनी काम सोडले. पगार होता, गणवेश होता, पण त्या शहरात त्यांना कोणी परवडणारी खोली भाड्याने देईना. पुण्यातल्या कोणत्याही सोसायटीच्या सचिवांना विचारून पाहावे, कोचीतल्या घरमालकांपेक्षा वेगळे उत्तर मिळेल असे नाही. ‘आमची हरकत नाही हो, पण बाकीचे सभासद…’ हे वाक्य तयार असते.

शाळेचे तर विचारू नये. तृतीयपंथी मुलांना वर्गात सामावून कसे घ्यावे, याविषयी शिक्षकांसाठी ‘एनसीईआरटी’ने २०२१ मध्ये एक पुस्तिका संकेतस्थळावर टाकली आणि तक्रार होताच ती मागे घेतली. पुस्तिका गेली. ती ज्यांच्यासाठी होती ती मुले त्याच वर्गात, हजेरीत तेच नाव ऐकत बसलेली राहिली.

यात वृत्तपत्रेही आली. ‘तृतीयपंथी’ हा शब्द आम्ही सवयीने वापरतो. या लेखातही तो आहे, कारण सरकारदरबारी तोच चालतो. परंतु स्वतःला निव्वळ स्त्री किंवा निव्वळ पुरुष मानणाऱ्या अनेकांना त्यातला ‘तृतीय’ नको असतो, आणि ‘पंथ’ या शब्दात तर दीक्षा घेतल्याचा भास आहे. काही जण ‘पारलिंगी’ म्हणवून घेणे पसंत करतात. मराठी पत्रकारितेने याचा कधी एकत्र बसून विचार केलेला दिसत नाही. तमिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या पाठपुराव्यामुळे २०२२ मध्ये सरकारने अशा आदरवाचक शब्दांची सूचीच राजपत्रात छापली, माध्यमांनी वापरावी म्हणून. आमच्याकडे अजून सिग्नलवरच्या भांडणाची बातमी आली की मथळ्यात ‘हैदोस’ येतो आणि बातमीत ‘तो’ व ‘ती’ एकाच परिच्छेदात आलटून पालटून.

२०११ च्या जनगणनेत देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद स्त्री व पुरुष सोडून ‘इतर’ या रकान्यात झाली. देशाच्या आकड्यात सहा वर्षांपर्यंतची ५४,८५४ मुले आहेत. त्या वयात ही मुले स्वतः काही सांगण्याची शक्यता नाही, म्हणजे ही नोंद मोठ्यांच्याच सांगण्यावरून झालेली. पुढच्या जनगणनेची संदर्भ-तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. तेव्हाही प्रगणक दाराशी येईल, बहुधा घरातला कर्ता माणूस खुर्ची बाहेर आणून सगळ्यांची माहिती देईल आणि लिंगाच्या प्रश्नाला एका श्वासात उत्तर देऊन पुढच्या रकान्याकडे वळेल. आतल्या खोलीतल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला हाक मारून विचारण्याची वेळ येणार नाही.