खिडकीचा पडदा : बाहेरचा आणि आंतला

अमरकोशांत खिडकीला ‘वातायन’ आणि ‘गवाक्ष’ अशीं दोन नांवें दिलेलीं आहेत. पहिल्यांत वाऱ्याची वाट आहे, दुसऱ्यांत डोळा आहे. पडद्याला त्याच कोशांत ‘तिरस्करिणी’ म्हटलें आहे; आड करते ती तिरस्करिणी. म्हणजे एकीचें काम वाट देण्याचें आणि दुसरीचें ती अडविण्याचें! या दोघींचा संसार एकाच चौकटींत थाटून देणें हें गृहिणीचें कौशल्य. आणि आमच्या खानदेशांत तो प्रश्न नुसत्या शोभेचा राहत नाहीं.

चैत्र सरला कीं नरडाण्याकडे दुपारचा पारा ४० अंशांपलीकडे जातो. जुन्या धाब्याच्या घरांच्या भिंती चांगल्या रुंद आणि खिडक्या लहान. तेथें पडदा नसला तरी चालून जाई. आतां आग्रा रस्त्याच्या दोन्ही अंगांस सिमेंटचीं घरें उठलीं आहेत. भिंत वीतभर, खिडकी मात्र भिंतभर, आणि तिला सरकती कांच! अशा घराच्या पश्चिमेकडील खोलींत तान्हें मूल किंवा थकलेले आजोबा दुपारीं निजत असतील, तर पडद्याची निवड ही प्रकृतीची बाब होते.

घरोघर होणारी गफलत अशी कीं, सर्व पैसा आंतल्या पडद्यावर खर्च होतो. ऊन कांचेंतून सहज आंत येतें. पडद्यावर पडून त्याची उष्णता होते, आणि ती उष्णता कांचेंतून तशी परत जाऊं शकत नाहीं. पांढऱ्या अस्तराचा पडदा असल्यास थोडें ऊन उलट फेंकलें जातें इतकेंच. गडद मखमलीचा पडदा तर स्वतः तापून खोलीला तापवीत बसतो. तात्पर्य, ऊन अडवावयाचें तें कांचेच्या बाहेर. बांबूच्या कामट्यांचा चिकाचा पडदा छज्ज्याला टांगावा, व तो कांचेपासून वीतभर दूर असावा, म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाते.

सगळ्याच खिडक्यांना मात्र तो नको. नरडाणा सुमारें २१ अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यांत माध्यान्हींचा सूर्य येथें अगदीं डोक्यावर येतो. त्यामुळें दक्षिणेच्या खिडकीला हातभर छज्जा पुरतो. पश्चिमेस तीननंतरचें तिरपें ऊन कोणत्याच छज्ज्याला जुमानीत नाहीं. पहिला पैसा तेथें खर्चावा. पौषांत सूर्य दक्षिणेकडे खालीं उतरतो आणि थंडीहि आमच्याकडे कडक पडते. त्या वेळीं दक्षिणेकडील सर्व पडदे गुंडाळून ऊन आनंदानें घरांत घ्यावें.

वाळ्याच्या ताट्यांचा मोह पुष्कळांस असतो. संस्कृतांतील उशीर तो हाच. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’तहि वाळ्यावर पाणी शिंपून गारवा आणण्याचा उल्लेख आहे. पाण्याची वाफ होतांना तें भोंवतालची उष्णता ओढून घेतें. हवा जितकी कोरडी तितका गारवा अधिक. म्हणून वैशाखांत खानदेशांत वाळा गुणकारी, आणि मुंबईच्या दमट हवेंत तो नुसताच ओला! परंतु शिंदखेडें तालुक्यांत ऐन उन्हाळ्यांत पाण्याची ओढ असतांना प्रत्येक खिडकीवर घागरी ओतणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. लेंकुरवाळीच्या अथवा वृद्धांच्या खोलीस एक ताटी लावावी व तांब्यानें पाणी शिंपीत जावें. कूलरचें तत्त्वहि हेंच आहे. समोरची एखादी खिडकी फटीएवढी उघडी न ठेवतां सर्व पडदे ओढून घेतले, तर दमट हवा आंतच कोंडते आणि गारव्याऐवजीं घाम सुटतो.

‘चिक लावला कीं घर कचेरीसारखें दिसतें,’ अशी तरुण सूनबाईंची तक्रार असते. ती अगदींच खोटी नाहीं. मळका, अर्धा तुटलेला चिक कोणासच शोभत नाहीं. पण १९३६ च्या डिसेंबरांत आमच्याच खानदेशांत फैजपूरला काँग्रेसचें अधिवेशन भरलें, खेड्यांत भरलेलें तें पहिलें अधिवेशन, तेव्हां शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांनीं बांबू आणि आसपास मिळणाऱ्या असल्याच साध्या वस्तूंनीं तेथील नगर सजविलें होतें, व गांधीजींनीं त्याची वाखाणणी केली होती. चिकाला कडेनें नीळ किंवा तांबडी कापडी पट्टी शिवून घ्यावी. तेवढ्यानेंच त्याचें रूप पालटतें.

आंतला पडदा मग हलका चालतो. मांजरपाट किंवा खादी उत्तम. रस्त्याची धूळ बसली तर घरच्या घरीं धुतां येते. चुण्या नीट पडण्यासाठीं खिडकीच्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट कापड घ्यावें. जमिनीवर लोळणारे पडदे चित्रांत बरे. आमच्याकडे विंचू आहेत! चार बोटें जमीन सोडावी.

चिकाचा एक गुण घरांतील स्त्रियांस विशेष सोयीचा आहे. दिवसा आंतून गल्ली दिसते, गल्लींतून आंतलें माणूस दिसत नाहीं. रात्रीं दिवा लावतांच हा न्याय उलटतो, म्हणून दिवेलागणीला आंतला पडदा ओढलाच पाहिजे. मुलांच्या अभ्यासाची खिडकी उत्तरेची असेल, तर तिच्या खालच्या अर्ध्या भागास पातळ पांढरा अर्धपडदा लावावा व वरचा भाग मोकळा सोडावा. गल्लींतल्या गोट्यांच्या डावाकडे लक्ष जात नाहीं, आणि पाटीवर उजेड पुरेसा पडतो.