पावसाळ्याआधी दुसरं कार्ड भरून ठेवा

नंदगडातल्या दुकानदारांना, शाळांना आणि घरून काम करणाऱ्या मुलामुलींना एक विनंती आहे. खानापूर तालुक्यातला पाऊस आपल्याला नवा नाही. त्या दिवसांत वीज जाते, येते, पुन्हा जाते आणि नेट बंद पडतं. राउटर मेला असं समजून आपण नवा आणायला निघतो. पण काही वेळा यंत्र धडधाकट असतं. मेमरीवर लिहिणं चालू असताना वीज गेल्यामुळे फक्त आतलं सॉफ्टवेअर बिघडलेलं असतं.

नेहमीच्या राउटरमध्ये हे सॉफ्टवेअर सोल्डर केलेल्या चिपमध्ये असतं, म्हणून दुरुस्ती अवघड. रास्पबेरी पाय किंवा नॅनोपाय आर२एस यांसारखे छोटे बोर्ड मात्र मायक्रोएसडी कार्डावरून लिनक्स सुरू करतात. आर२एसला दोन नेटवर्क पोर्ट आहेत: एक फायबरच्या डब्याकडे, दुसरा आपल्या घराकडे. त्यात वायफाय नाही, त्यासाठी जुना राउटर मागे जोडता येतो. अशा बोर्डांवर चालणारं ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं सॉफ्टवेअर फुकट आहे. २००३ मध्ये लिंकसिसला आपल्या राउटरचा लिनक्स कोड खुला करावा लागला, त्यातून २००४ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला.

असा राउटर वापरत असाल तर दुसरं कार्ड आजच भरून ठेवा, म्हणजे पहिलं बिघडलं तर ते काढून हे लावता येईल. ओपनडब्ल्यूआरटीची आपल्याच बोर्डासाठीची इमेज, म्हणजे कार्डावर लिहायची फाइल, घ्या आणि दोन प्रकार दिसले तर स्क्वॅशएफएस निवडा. त्यात मूळ सॉफ्टवेअरचा भाग फक्त वाचण्यापुरता असतो, त्यामुळे वीज गेली तरी तो सहसा शाबूत राहतो, आणि सेटिंग बिघडली तर पहिल्यासारखी करता येतात. मग चालू राउटरमधून सेटिंगचा बॅकअप घेऊन तो नव्या कार्डावर चढवा. एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: या बॅकअपमध्ये नंतर टाकलेली पॅकेजेस येत नाहीत. त्यांची नावं कागदावर लिहा. नेट कंपनीने दिलेलं यूजरनेम आणि पासवर्डही लिहा. बॅकअपमध्ये पासवर्ड असतात, तेव्हा ती फाइल कुणाच्या व्हॉट्सअॅपवर टाकू नका.

कार्ड नावाजलेल्या कंपनीचं, पावती घेऊन घ्या. खोट्या कार्डावर लिहिलेली क्षमता प्रत्यक्षात नसते. राउटर बंद केल्याशिवाय कार्ड काढू नका. आणि भरलेलं कार्ड तसंच डब्यात टाकू नका; एकदा त्यावर राउटर चालवून, नेट येतंय ना ते पाहा. न तपासलेल्या कार्डावर विसंबून राहणं धोक्याचं आहे.

गावातल्या ज्या तरुणांना हे काम येतं त्यांनी मृग लागण्याआधी आपली शाळा, वाचनालय आणि पतसंस्था गाठावी. तिथे असा राउटर असेल तर दुसरं कार्ड भरून, चालवून दाखवून, तिथल्याच एखाद्याला ते बदलायला शिकवून यावं.